मुंबई ते लंडन : बातमी आधी की माणूस?

आजच्या भागाचा विषय आपल्या सगळ्यांच्या घरी कधी ना कधी बोलला जातो. मुंबई ते लंडन, अंतर किती आणि वेळ किती?

उत्तर सोपं आहे. पृथ्वीच्या गोलावर दोन्ही शहरं जवळात जवळच्या रेघेने जोडली, तर अंतर भरतं सुमारे ७,२०० किलोमीटर. थेट विमान असेल तर मुंबईहून इकडे यायला साडेनऊ-दहा तास आणि इकडून तिकडे जायला साधारण नऊ. जाताना वेळ कमी लागतो, कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोराचा वारा विमानाच्या पाठीशी असतो. येताना तोच वारा समोरून येतो.

ही रेघ पेशवाईतही एवढीच लांब होती. बदलला तो वेळ. पण त्याचा इतिहास आपण नेहमीसारखा, जहाजाला इतके दिवस आणि विमानाला इतके तास, असा नुसता सांगणार नाही. प्रत्येक टप्प्यावर दोन प्रश्न विचारू. घरची बातमी इथवर यायला किती दिवस लागायचे? आणि ती कळल्यावर माणूस घरी किती दिवसांत पोहोचायचा? परदेशात राहणाऱ्याला खरं अंतर जाणवतं ते या दोन आकड्यांमधल्या फरकात.

सुरुवात करू शिडाच्या जहाजांपासून. सुएझचा कालवा नव्हता तेव्हा मुंबईची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून इंग्लंडला यायची. हा रस्ता सुमारे २० हजार किलोमीटरचा. वारा अनुकूल असला तर पाच-सहा महिने, नाही तर त्याहून जास्त. मोसमी वाऱ्याची वेळ चुकली की जहाज बंदरातच पडून राहायचं. मुंबईहून पत्र पाठवून लंडनहून उत्तर यायचं म्हणजे वर्ष गेलं असं धरायचं.

त्या काळातही मराठी माणूस इथे आला होता. राघोबादादांनी इंग्रजांशी बोलणी करण्यासाठी आपले वकील लंडनला धाडले होते. त्यात हनुमंतराव नावाचे ब्राह्मण गृहस्थ होते. ही मंडळी १७८१ साली इंग्लंडमध्ये होती. सोवळं-ओवळं सांभाळायचं, परक्याच्या हातचं खायचं नाही, आणि मुक्काम लंडनात! तेव्हा पार्लमेंटचे सभासद एडमंड बर्क यांनी बीकन्सफील्डच्या आपल्या घरी त्यांना बोलावलं आणि बागेतलं काचघर त्यांना स्वयंपाकासाठी मोकळं करून दिलं. विलायतेत मराठी चूल पेटल्याची ही अगदी जुनी नोंद म्हणायला हरकत नाही.

आता आपले दोन प्रश्न. बातमीला किती दिवस? पाच-सहा महिने. माणसाला किती दिवस? तेवढेच. कारण बातमी त्याच जहाजातून यायची ज्यातून माणूस यायचा. घरी कोणी गेलं तर ते इथे सहा महिन्यांनी कळायचं. तोवर तिथे सगळे विधी उरकलेले, वर्षश्राद्धाची तयारी जवळ आलेली. धावत जाण्याचा प्रश्नच नव्हता.

आणि आपल्या परंपरेने या परिस्थितीचा विचार करून ठेवला होता, हे आज फारसं कोणाला ठाऊक नसतं. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस ‘धर्मसिंधु’ हा ग्रंथ लिहिला. मराठी घरांत व्रतं, सणवार, सोयर-सुतक यासाठी पिढ्यान्‌पिढ्या त्याचा आधार घेतला गेला. अशा ग्रंथांमध्ये दूरदेशी असलेल्या माणसाच्या सुतकाचा स्वतंत्र विचार आहे. दहा दिवसांच्या आत बातमी कळली तर उरलेले दिवस पाळायचे. दहा दिवस उलटून गेल्यावर कळली तर सुतक कमी होत जातं. वर्ष उलटल्यावर कळली तर स्नान केलं की झालं. आई-वडिलांच्या बाबतीत मात्र कितीही उशिरा कळो, ज्या दिवशी ऐकलं त्या दिवसापासून पुरे दहा दिवस. म्हणजे दूरच्या माणसाचं दुःख घडल्या दिवसापासून नव्हे, तर कळल्या दिवसापासून धरायचं. हे लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा उपयोगी पडेल.

पुढचा टप्पा वाफेचा. १८२५ साली ‘एंटरप्राइझ’ नावाची आगबोट इंग्लंडहून कोलकात्याला निघाली आणि केपला वळसा घालून ११३ दिवसांनी पोहोचली. लोकांची निराशाच झाली, एवढे दिवस तर चांगली शिडाची जहाजंही घेत. मग मुंबईकरांनी वेगळा रस्ता धरला. मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मार्च १८३० मध्ये निघाली आणि एडनमार्गे, मध्ये कोळसा भरत, महिन्याभरात सुएझला लागली. सुएझहून वाळवंट ओलांडून कैरो, तिथून नाईल नदीने अलेक्झांड्रिया आणि पुढे भूमध्य समुद्रातली बोट. या वाटेला नाव पडलं ‘ओव्हरलँड रूट’. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत टपाल आणि प्रवासी या वाटेने महिना-दीड महिन्यात पोहोचू लागले.

या वाटेच्या काळात लंडनमध्ये एक मराठी माणूस चौदा वर्षांच्या आसपास राहिला. रंगो बापूजी गुप्ते. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना कंपनी सरकारने १८३९ साली गादीवरून काढलं आणि काशीला नेऊन ठेवलं. त्यांची कैफियत मांडायला रंगो बापूजी लंडनला आले. कंपनीच्या संचालकांपुढे, भागधारकांच्या सभेत, पार्लमेंटच्या सभासदांकडे, जिथे दार उघडेल तिथे ते गेले. १८४७ मध्ये प्रतापसिंह महाराज काशीतच वारले. १८४८ मध्ये त्यांचे भाऊ, गादीवर बसवलेले शहाजीराजे वारले, आणि कंपनीने साताऱ्याचं राज्यच खालसा केलं.

त्या वेळी काशीहून लंडनला बातमी यायला दीड महिना तरी लागे. म्हणजे धनी गेल्यावरही काही आठवडे त्यांचा वकील इथे त्यांच्या हयातीची बाजू मांडत असणार. रंगो बापूजी १८५३च्या सुमारास परत गेले. पुढे १८५७च्या साताऱ्याच्या कटात त्यांच्या मुलाला, सीतारामला फाशी झाली आणि स्वतः रंगो बापूजी बेपत्ता झाले ते कायमचे. चौदा वर्षांच्या या खटपटीतून राज्य परत मिळालं नाही. पण अंतर इतकं असूनही कोणीतरी इथे येऊन, चिकाटीने आपली बाजू मांडत राहू शकतं, हे त्यांनी दाखवलं.

इथपर्यंत बातमी आणि माणूस एकाच वेगाने चालत होते. आता येतात लागोपाठची दोन वर्षं, ज्यांनी ही जोडी मोडली.

१७ नोव्हेंबर १८६९ला सुएझचा कालवा खुला झाला. मुंबई ते लंडन हा सागरी रस्ता २० हजारांवरून ११,६०० किलोमीटरच्या आसपास आला आणि बोट बदलायची गरज उरली नाही. ही झाली माणसाची सोय. पुढच्याच वर्षी, १८७० मध्ये, ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य जहाजाने मुंबईहून एडनपर्यंत समुद्राच्या तळाशी तार टाकली. तीच पुढे सुएझ, माल्टा, जिब्राल्टर करत इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधल्या पोर्थकर्नोच्या किनाऱ्यावर निघाली. त्या जूनपासून मुंबई आणि लंडन समुद्राखालच्या तारेने जोडली गेली. पोर्थकर्नोला आज तारायंत्राचं संग्रहालय आहे. सुट्टीत कॉर्नवॉलला गेलात तर मुलांना नक्की दाखवा. आपल्या घरचा पहिला निरोप जिथे समुद्रातून वर आला, ती ही जागा.

माणसाला आता तीन आठवडे, पुढे दोन-अडीच आठवडे. बातमीला काही तास. बातमी माणसाच्या कितीतरी पुढे निघून गेली. आणि एक नवंच दुःख जन्माला आलं: लगेच कळतं, पण जाता येत नाही.

अर्थात तारेचे पैसे शब्दागणिक पडत आणि ते सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते. त्यामुळे तार सरकारची, व्यापाऱ्यांची आणि मोठ्या संकटाची. बाकीच्यांसाठी आठवड्याची विलायती डाक. आपल्याकडे ‘तार आली’ याचा अर्थच वाईट बातमी असा होऊन बसला. दारात तारवाला दिसला की वाचण्याआधीच घरात रडारड सुरू व्हायची. ही तारसेवा भारतात २०१३च्या जुलैपर्यंत चालू होती.

तार आणि पत्र यांच्या वेगातला हा फरक किती महागात पडू शकतो, हे गोपाळ कृष्ण गोखल्यांनी अनुभवलं. १८९७ साली ते वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला लंडनमध्ये होते. पुण्यात प्लेगची साथ होती, घराघरात सोल्जर शिरत होते, आणि पुण्याच्या मित्रांनी गोखल्यांना पत्रांतून भयंकर हकिकती कळवल्या. दोन आठवड्यांपूर्वी लिहिलेली ती पत्रं. त्यांच्या भरवशावर गोखल्यांनी इथे जाहीरपणे आरोप केले. सरकारकडे मात्र तार होती. मुंबई सरकारचा नकार तारेने लंडनला आला. त्याआधीच, २२ जूनला पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली होती, तीही बातमी तारेने आली होती आणि वातावरण पार पालटलं होतं. गोखले बोटीने परतले तेव्हा पुण्यात धरपकडीची दहशत होती. पत्रं लिहिणाऱ्यांपैकी कोणी उघडपणे पुढे यायला तयार होईना. पुराव्याशिवाय आरोप टिकेना. गोखल्यांनी जाहीर माफी मागितली आणि त्यासाठी घरच्या लोकांचीही कडवट टीका सोसली. दूर राहून घरच्या घडामोडींवर बोलणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट ध्यानात ठेवावी अशी आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिक्षणासाठी येणारे वाढले. १९०९ मध्ये ब्राइटनच्या किनाऱ्यावर सावरकरांना ‘ने मजसी ने’ सुचलं, तेव्हा समुद्र हीच घरी जायची एकमेव वाट होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये लंडनच्या किंग हेन्रीज रोडवर राहिले. ते घर आज स्मारक आहे आणि आपल्यापैकी अनेक जण तिथे जाऊन आले असतील. पुढे पहिल्या गोलमेज परिषदेला येताना बाबासाहेब ४ ऑक्टोबर १९३० रोजी ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ या बोटीने मुंबईहून निघाले आणि १८ ऑक्टोबरला लंडनला पोहोचले. चौदा दिवस. त्या काळातला हा उत्तम वेग.

बातमीने तोवर आणखी एक उडी मारली होती, आणि ती आपल्या पुणे जिल्ह्यातून. १९२७ मध्ये भारत आणि इंग्लंडमध्ये बिनतारी संदेश सुरू झाले. संदेश पाठवायचं केंद्र खडकीजवळ, आणि इंग्लंडहून येणारे संदेश पकडायचं केंद्र दौंडला. इकडच्या बाजूची केंद्रं लिंकनशायरमध्ये, ग्रिम्सबी आणि स्केगनेसजवळ. दौंड म्हटलं की आपल्याला रेल्वेचं जंक्शन आठवतं. पण एके काळी लंडनची हाक आधी दौंडच्या माळावर ऐकू यायची. १९३३ मध्ये मुंबई-लंडन रेडिओ टेलिफोन सुरू झाला. आता आवाजही पोहोचू लागला, ज्यांना परवडेल त्यांचा.

माणसाला मात्र अजून दोन आठवडेच. तो वेळ कमी केला विमानाने. ३० मार्च १९२९ला इम्पीरियल एअरवेजने लंडन-कराची सेवा सुरू केली. सात दिवसांचा प्रवास, त्यात युरोपातला एक तुकडा रेल्वेने! कराचीत टपाल उतरायचं आणि मुंबईला आगगाडीने यायचं. हा तुकडा जोडला जे.आर.डी. टाटांनी. १५ ऑक्टोबर १९३२ला पस मॉथ या छोट्या विमानातून टपाल घेऊन ते कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. योगायोग म्हणजे त्याच १९३२ साली लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ सुरू झालं.

स्वातंत्र्यानंतर दहा महिन्यांत, ८ जून १९४८ला, एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे चार इंजिनांचं विमान मुंबईहून लंडनला निघालं. वाटेत कैरो आणि जिनिव्हा. प्रवासी ३५, आणि भाडं १,७२० रुपये. त्या वेळच्या साध्या नोकरदाराचा हा कित्येक महिन्यांचा पगार. पण जिथे आठवडे मोजत होतो, तिथे आता तास मोजायचे होते.

या वेगाची किंमतही मोजावी लागली. हेच मलबार प्रिन्सेस ३ नोव्हेंबर १९५० रोजी जिनिव्हाच्या वाटेवर आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं. ४८ जण गेले. प्रवाशांमध्ये जवळपास सगळे खलाशी होते, आपापल्या जहाजावर रुजू व्हायला निघालेले. जहाजावरच्या नोकरीसाठी विमानाने जाणारी ही साधी माणसं होती. २४ जानेवारी १९६६ला त्याच पर्वतावर एअर इंडियाचं ‘कांचनगंगा’ हे बोइंग कोसळलं. त्यात डॉ. होमी भाभा होते. एकूण ११७ जणांपैकी कोणी वाचलं नाही. २०१२ साली तिथल्या हिमनदीतून त्या विमानातली एक पिशवी बाहेर आली. भारताच्या परराष्ट्र खात्याची टपालाची पिशवी, आत जानेवारी १९६६ची वर्तमानपत्रं. काही तासांत पोहोचायची डाक ४६ वर्षांनी हाती आली.

१९६० साली बोइंग ७०७ ही जेट विमानं आली आणि वेग जवळपास दुप्पट झाला. १९७१ मध्ये जंबो जेट आलं, एका वेळी साडेतीनशेच्या आसपास माणसं घेऊन. साठ-सत्तरच्या दशकात डॉक्टर, इंजिनिअर, परिचारिका म्हणून जे मराठी लोक इथे आले, त्यांचा काळ तो हाच. तिकिटं महाग, त्यामुळे तीन-चार वर्षांतून एकदा घरी. मधल्या काळात निळसर एरोग्राम, ज्याच्या कडांनाही आईची अक्षरं चिकटलेली असत. १९७६ मध्ये मुंबई-लंडन थेट डायल करता येऊ लागलं. त्याआधी फोन म्हणजे कॉल बुक करा, वाट बघा आणि लागला की ओरडून बोला.

आता आजचा हिशोब. बातमीला शून्य सेकंद. आजीला दवाखान्यात नेतानाच मोबाइलवर आपण तिला बघतो. माणसाला? विमानाचे नऊ तास. पण तिकीट मिळणं, विमानतळावरचे तीन तास, उतरल्यावर मुंबईहून कोल्हापूर, नांदेड किंवा सावंतवाडीचा रस्ता, हे सगळं धरलं तर दीड दिवस. १८७० मध्ये सुरू झालेला फरक कमी झाला आहे, पण संपलेला नाही.

आणि तो पुन्हा किती वाढू शकतो, हे आपण पाहिलं. मार्च २०२०मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय विमानं थांबवली. पुढे काही खास विमानं सुटली, पण नेहमीची वाहतूक सुरळीत व्हायला मार्च २०२२ उजाडला. त्या दोन वर्षांत आपल्यातल्या कितीतरी जणांनी आई-वडिलांचा निरोप पडद्यावर घेतला. लंडन आणि मुंबईमधली रेघ ७,२०० किलोमीटरचीच होती, पण माणसासाठी ती सावरकरांच्या काळाहूनही लांब झाली. त्यांना निदान बोट तरी होती.

म्हणून त्या जुन्या ग्रंथांकडे पुन्हा एकदा बघावंसं वाटतं. त्यातले नियम पाळा असं मी म्हणत नाही, ज्याने त्याने ठरवावं. पण त्यामागचा विचार समंजस आहे. दूर गेलेला माणूस वेळेवर येऊ शकणार नाही, हे त्या लोकांनी गृहीत धरलं होतं. त्याबद्दल त्याला दोष दिला नव्हता. त्याचं दुःख त्याला कळेल त्या दिवसापासून खरं मानलं होतं, आणि ते पाळायला त्याला पुरे दिवस दिले होते. ‘पोहोचू शकलो नाही’ ही बोच आपल्यापैकी अनेकांच्या मनात आहे. नऊ तासांच्या विमानामुळे ती उलट वाढली आहे, कारण आता पोहोचणं आपल्या हातात आहे असं वाटतं. दरवेळी ते नसतं.

तेव्हा आजच्या भागातून एक छोटी गोष्ट करा. घरच्यांशी, धडधाकट असतानाच, मोकळेपणाने बोलून ठेवा. काही झालं तर कोणी कोणाला कळवायचं, कोणासाठी थांबायचं आणि किती वेळ थांबायचं, तिथे कोण पुढे होऊन सगळं बघेल. हे बोलणं अवघड आहे, पण ऐन वेळी एका फोनवर हे सगळं ठरवणं त्याहून अवघड. आणि घरात साठ-सत्तरच्या दशकात आलेले आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारा, पहिल्यांदा कसे आलात, किती दिवस लागले, घरून पहिलं पत्र कधी आलं. जमलं तर रेकॉर्ड करून ठेवा. तुमच्या मुलांच्या इतिहासाचं ते पहिलं पान आहे.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.